पैनगंगेचा नकाशा वाचताना

पैनगंगेच्या काठाने आठवडाभर चालायचे मनात घेऊन भारतीय सर्वेक्षण विभागाची पत्रके सतरंजीवर पसरली, की त्या रूक्ष कागदांना वेगळाच रस सुटतो. प्रमाण एकास पन्नास हजार. जमिनीवरचा किलोमीटर इथे दोन सेंटिमीटरचा. मेहकर 55 डी/12 वर, वाशिम 55 एच/4 वर आणि रिसोड मात्र 56 ए/13 वर. पंचावन्नावरून छप्पनावर उडी का? 20 अंश उत्तर अक्षवृत्त वाशिम आणि रिसोड यांच्या मधून जाते आणि पत्रकांची मोठी वाटणी त्याच रेषेवर पडते. त्यामुळे एकच नदी दोन गठ्ठ्यांतून गोळा करावी लागते, कडेला कड लावून जुळवावी लागते.

जुळवली की आधी रंग पाहावेत. कोरड्या पात्राचे काठ काळ्या रेघांत, आत वाहत्या धारेची निळी रेघ. हा सगळा संयम पाहण्यासारखा आहे: नदी बारमाही असल्याचा आव हा नकाशा कुठेच आणत नाही. समोच्च रेषा उत्तरेच्या डोंगराळ भागात दाटतात आणि नदीकडे येता येता इतक्या विरळ होतात की चालणाऱ्याचा दम वाचणार हे आधीच कळते. काठाजवळ मात्र एखादा बारीक आकडा आणि त्याला चिकटलेले ‘आर’ हे अक्षर दिसते. ती दरडीची सापेक्ष उंची, आजूबाजूच्या जमिनीच्या मानाने. मला तर सबंध पत्रकात हेच अक्षर सर्वात बोलके वाटते. नदी दिसते पण तिच्यात उतरता येत नाही, ही वेळ कुठे येणार ते इथेच ठरते.

आता पायवाटा. त्या तुटक रेघांवर बोट ठेवून नदीसोबत जायला निघालो की बोट अडखळते. वाट गावातून निघते, पांदणीने शेतांमधून उतरते, उताराशी नदी ओलांडते आणि पलीकडच्या गावात शिरते. नदीला सोबत करणारी वाट सलग अशी मिळत नाही. एका गावाहून शेजारच्या गावाला जाणारी वाटही काठ सोडून, काळ्या जमिनीच्या मागून जाते.

यात नकाशा काढणाऱ्याची चूक नाही, नदीचा इतिहास आहे. इंग्लंडात 1996 साली खुली झालेली टेम्सकाठची वाट सुमारे 296 किलोमीटर भरते, कारण तिच्या बऱ्याच भागात नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठाने वाट आधीच पडलेली होती. पैनगंगेत माल वाहणाऱ्या नावाच नव्हत्या, तर घोडे कशाला काठाने चालतील? इथे नदी म्हणजे ओलांडायची गोष्ट. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखीसुद्धा रिसोडहून पान कन्हेरगाव, सेनगावकडे जाताना ती पार करते, तिच्या काठाने जात नाही. शिवाय 1956 पर्यंत अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे हैदराबाद राज्य. सीमेची तुटक रेषा पात्रातूनच जाते. जुन्या पत्रकावर तिच्या दोन बाजूंना अकोला आणि परभणी ही नावे असतात. कारण वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला, हिंगोली 1 मे 1999 ला.

म्हणून आठवड्याची आखणी काठाला चिकटून करूच नये. दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर, एकदा या तीरावर तर एकदा त्या, नदीला पुन्हा पुन्हा ओलांडत नागमोडी जावे. ही वाट सरळ वाटेपेक्षा लांब पडते, पण गावे तीच देते. मुक्कामाचा प्रश्नही गावातच सुटतो: काठावर लॉज नाही, मारुतीच्या देवळाचा मंडप आहे, शाळेची ओसरी आहे, आणि त्यासाठी आधी सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना विचारायचे आहे. ही माहिती कुठल्याही खुणेत बसत नाही.

दिवस दिवाळीनंतरचे बरे. सोयाबीन निघालेले असते, तूर उभी असते, हरभरा वर येत असतो आणि काळी माती पायाला धरत नाही. पावसाळ्यात हाच कागद निरुपयोगी. उतारांच्या खुणा पाण्याखाली जातात.

नकाशाची खरी उणीव त्याच्या वयाची आहे. वाशिम जिल्ह्यात या नदीवर 11 बॅरेज झाले; जुन्या पत्रकावर त्यांचा मागमूस नाही. जिथे कागद उतार दाखवतो तिथे आज बॅरेजचे साठलेले पाणी असू शकते. तेवढ्यासाठी उपग्रहाची छायाचित्रे शेजारी ठेवावीत आणि साठ्याचा विस्तार पेन्सिलीने पत्रकावर उतरवावा. निळी पेन्सिलच घ्यावी, म्हणजे मूळ रंगसंगती बिघडत नाही.

सुरुवात मेहकरला करावी, शारंगधर बालाजीचे दर्शन घेऊन. शेवट कन्हेरगाव नाक्याला, कारण अकोला-पूर्णा रेल्वे तिथे नदीजवळ येते आणि परतीसाठी गाडी मिळते. सरळ रेषेत हे अंतर साधारण 65 किलोमीटर, पण नदीची वळणे आणि आपली नागमोड धरली की सात दिवस सहज भरतात.