हजेरीपटाबाहेरचे इंग्रजी

ऑनलाइन इंग्रजी शिक्षण आणि उच्च शिक्षणाची गुणवत्ता या विषयावर संशोधननिबंधांचे उदंड पीक आले आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर तर चर्चासत्रांच्या खंडांतून हाच विषय वारंवार भेटतो. निबंधांचा साचाही ठरलेला असतो. आरंभी जागतिकीकरण, मग गृहीतक, मग प्रश्नावली, मग टक्केवारीचे तक्ते. आणि शेवटी निष्कर्ष असा की ऑनलाइन माध्यमामुळे विद्यार्थ्यांचे इंग्रजी सुधारले, आत्मविश्वास वाढला, सबब उच्च शिक्षणाची गुणवत्ता उंचावली. आम्हाला येथे कुणा एका निबंधाचे परीक्षण करावयाचे नाही. परीक्षण या साच्याचे करावयाचे आहे, कारण हा साचा दिसतो तितका निरागस नाही.

पहिला प्रश्न साधा आहे. प्रश्नावली कुणाकडे गेली? ती फोनवरून गेली आणि फोनवरूनच भरून आली. ज्याच्या हाती फोन नव्हता, ज्याचे रिचार्ज संपले होते, जो त्या दिवसांत मजुरीला गेला होता, त्याचे उत्तर तक्त्यात येण्याचा संभवच नाही. म्हणजे जे आत पोहोचले त्यांनाच विचारायचे, आत येणे कसे वाटले? आणि त्यांच्या होकारावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढायचा. वेशीच्या आतली घरे मोजून गाव सुखी असल्याचा निर्वाळा देण्याची ही जुनीच रीत आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाला ती ओळखीची वाटेल.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीचे (जुलै २०१७ ते जून २०१८) आकडे सर्वांना उपलब्ध आहेत. देशाच्या ग्रामीण भागात संगणक ४.४ टक्के कुटुंबांत होता आणि इंटरनेटची सोय १४.९ टक्के कुटुंबांत. शहरी भागात हेच प्रमाण २३.४ आणि ४२ टक्के. त्यानंतर फोन पुष्कळ पसरले, हे खरे. पण घरात एक फोन असणे आणि तो मुलीच्या हाती सलग तासभर असणे यांत फार अंतर आहे. हे अंतर कोणत्या निबंधाने मोजले?

वैजापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर दुचाकीला आणि तीनचाकीला बंदी आहे. कॉलेजला मोटारसायकलवरून येणारा पोरगा तो रस्ता पाहू शकतो, त्यावर चढू शकत नाही. ऑनलाइन शिक्षणाची गत पुष्कळदा अशीच होते. मार्ग दारावरून जातो, आणि तेवढ्यावरून आपण जोडले गेलो असे कागदोपत्री ठरते.

आता कुणी म्हणेल, तुमचा विरोध इंग्रजीलाच आहे. तसे मुळीच नाही. इंग्रजीवरचा आमचा दावा जुना आहे. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला. बाबासाहेबांनी आपले बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. मराठवाड्याला तर ज्ञानाची भाषा वरून येण्याचा अनुभव आणखी वेगळा आहे. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. खेड्यापाड्यांतून आलेला मुलगा तेथे प्रत्यक्ष वर्गात, शिक्षकासमोर बसला. त्याचे इंग्रजी अडखळत होते, पण अडखळायला त्याला जागा होती. भाषा शिकण्याची पहिली अट हीच आहे: चुकण्याची मुभा आणि चूक ऐकून घेणारा माणूस.

तो माणूसच आज दुर्मीळ होत चालला आहे. महाविद्यालयांतील कितीतरी जागा रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरचा शिक्षक तुटपुंज्या मानधनावर अनेक वर्ग सांभाळतो आहे. अशा वेळी चित्रफितीला शिक्षकाची पूरक म्हणणे वेगळे आणि त्याची बदली म्हणून ती उभी करणे वेगळे. साच्यातील निबंध हा भेद करीत नाहीत. त्यांना तो करण्याची सवडही नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी पदोन्नती गुणांकाशी जोडली आणि निबंध हे चलन बनले. पुढे २०१८ साली महाविद्यालयीन शिक्षकांपुरती ती पद्धत सैल केली गेली, पण लागलेली सवय राहिली. दोष एकट्या प्राध्यापकाचा नाही, हे आम्ही जाणतो.

दुसरा शब्द ‘गुणवत्ता’. हा शब्द आमच्या कानाला कधीच तटस्थ वाटलेला नाही. राखीव जागांचा विषय निघाला की प्रस्थापितांच्या तोंडी तो प्रथम येतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत थांबावे लागले. विद्यापीठ कुणाचे, हा प्रश्न येथे रक्त सांडून विचारला गेला आहे. त्याच १९९४ साली महाविद्यालयांचे मूल्यमापन करणारी ‘नॅक’ स्थापन झाली. २०१७ च्या सुधारित पद्धतीत तिने विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी आणली आणि तीही ऑनलाइन. पुन्हा तेच. समाधान विचारायचे ते पोहोचलेल्यांनाच.

वेगळे संशोधन शक्यच नाही काय? आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या २०१२ ते २०१४ मधील ६८ ऑनलाइन अभ्यासक्रमांची तपासणी हॅन्सन आणि राइश यांनी २०१५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली. नाव नोंदवणारे अमेरिकी विद्यार्थी कोणत्या वस्तीत राहतात, हे त्यांनी पाहिले. ते सरासरीपेक्षा सधन वस्त्यांतले निघाले. शिक्षण सर्वांना मोफत खुले होते, तरीही. आपल्याकडे हाच प्रश्न वस्ती आणि जात धरून विचारायला कोणती अडचण आहे? १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हेच दाखवले होते की वरच्यांना शिकवले म्हणजे ज्ञान आपोआप खाली झिरपते, ही समजूत खोटी आहे. ऑनलाइनचा उत्सव हा त्या झिरप्याच्या सिद्धांताचाच नवा अवतार ठरू नये.

म्हणून आमची मागणी अशी. संशोधनाने हजेरीपटापासून सुरुवात करावी. कोण जोडला गेला नाही, कोण मध्येच सुटला, तो कापूस वेचणीला गेला की लग्न करून दिली गेली, हे आधी नोंदवावे. ‘आत्मविश्वास वाढला काय?’ हे विचारण्याऐवजी विद्यार्थ्याला काय करता येते ते पाहावे. त्याला इंग्रजीत अर्ज लिहिता येतो काय? न्यायालयाचा निकाल वाचता येतो काय? बाबासाहेबांचे १९३६ चे ‘जातिभेदाचे निर्मूलन’ मूळ इंग्रजीतून, शब्दकोश हाती धरून का होईना, चार पाने वाचता येतात काय? ते भाषण आज इंटरनेटवर विनामूल्य मिळते. ऑनलाइन माध्यमाचे हे देणे आम्ही नाकारत नाही. पण ते पान उघडून शेजारी बसणारा शिक्षक हवा, आणि त्या शिक्षकाला कायमची नोकरी हवी.

वैजापूरच्या बी. ए. च्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा ते पान वाचू लागेल, वाचता वाचता प्रश्न विचारील, त्या दिवशी गुणवत्ता वाढली असे आम्ही म्हणू. तोवर तक्त्यांतील टक्केवारी ही आत असलेल्यांची आत्मस्तुतीच राहील. जो बाक रिकामा आहे त्याची नोंद न करणारे संशोधन आमच्या लेखी अपुरे आहे.