गोचिडात डीएनए सापडला, मग पुढे?

कुत्र्यांतल्या गोचीडजन्य रोगांवर भारतात झालेलं २०११ चं सर्वेक्षण पीएचडीची तयारी करणाऱ्यांनी जरूर वाचावं. ते ‘पॅरासाइट्स अँड व्हेक्टर्स’मध्ये आलं. मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाखमधल्या ५२५ कुत्र्यांच्या तपासणीत सूक्ष्मदर्शकासोबत पीसीआरही वापरला, ही त्याची जमेची बाजू. कारण ‘एर्लिकिया कॅनिस’ हा जिवाणू काचपट्टीवर बऱ्याचदा दिसतच नाही.

पण नमुन्यातली कुत्री मोकाट आणि निवाऱ्यातली होती. त्यातला टक्का उचलून “भारतातल्या कुत्र्यांत इतका संसर्ग” असं लिहू नका. आमच्या मिरजगावात वस्तीवरचा कुत्रा दारात बांधलेला असतो, नाहीतर मेंढरांमागे फिरतो. त्याच्याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली. कुत्र्यावरून काढलेल्या, रक्त पिऊन टम्म झालेल्या गोचिडात जिवाणूचा डीएनए मिळाला की गोचीड वाहक ठरला, असं पहिल्या आराखड्यात ठोकून दिलं! अहो, तो डीएनए नुकत्याच प्यायलेल्या रक्तातलाही असू शकतो. गोचिडाने कात टाकल्यावरही जिवाणू आत टिकतो का आणि पुढच्या कुत्र्यात जातो का, हे दाखवावं लागतं. तपकिरी गोचिडात एर्लिकिया एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जातो, अंड्यांत मात्र जात नाही.

म्हणून पेपर वाचताना आधी विचारा: नमुना कुणाचा? आणि पीसीआरने नेमकं काय सिद्ध झालं? ‘सापडला’ आणि ‘पसरवतो’ यांत अख्खा प्रबंध बसतो.