४४ पैकी ४४ म्हणजे काय?

फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन या औषधाने क्वचित एखाद्या रुग्णाला भयंकर त्रास होतो. अंगावर, तोंडात, डोळ्यांत फोड येतात, कातडी सुटू लागते. काही जण दगावतातही. हा स्टीव्हन्स-जॉन्सन विकार. तैवानमधील संशोधकांनी २००४ साली दाखवून दिले, की हा विकार झालेल्या ४४ च्या ४४ हान चिनी रुग्णांत एच.एल.ए.-बी १५:०२ हा जनुकप्रकार होता. औषध सोसलेल्या १०१ जणांत तो फक्त तिघांत सापडला.

शोध मोलाचा आहे, यात शंका नाही. पण ‘जनुक तपासा आणि औषध निर्धास्त घ्या’ असा त्याचा सारांश सांगितला जातो, तो आम्हाला मान्य नाही.

पहिला मुद्दा गणिताचा. विकार झालेल्या सर्वांत जनुक होते, म्हणजे जनुक असलेल्या सर्वांना विकार होईल असे नव्हे. तैवानमध्येच पुढे ४८७७ जणांची औषधापूर्वी चाचणी झाली. सुमारे ३७० जणांत हे जनुक निघाले; त्यांना हे औषध दिले नाही. उरलेल्यांपैकी ज्यांनी ते घेतले, त्यांच्यात एकालाही विकार झाला नाही. चाचणी नसती तर स्थूलमानाने १० जणांना तो झाला असता, असा अंदाज २०११ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे जनुक असलेल्या शंभरांतील तिघांच्या आसपासच खरे धोक्यात होते! शिवाय हा १० चा आकडा जुन्या नोंदींवरून काढलेला. तुलनेसाठी चाचणीविना ठेवलेला गट नव्हता.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. हाँगकाँगने २००८ साली ही चाचणी आवश्यक केली. कार्बामाझेपिनमुळे होणारा विकार थांबला. मात्र चाचणीची कटकट टाळण्यासाठी डॉक्टर इतर औषधांकडे वळले, त्यांपैकी फेनिटॉइनमुळे होणारा विकार वाढला, आणि एकूण प्रमाणात लक्षणीय घट झाली नाही. चाचणी जिंकली, रुग्ण होता तिथेच राहिला.

आपल्याकडे काय? २००९ सालच्या एका लहान भारतीय अभ्यासात विकार झालेल्या ८ पैकी ६ जणांत हे जनुक होते. उरलेल्या दोघांना चाचणीने ‘सुरक्षित’ ठरवले असते. युरोपीय वंशाच्या लोकांत तर एच.एल.ए.-ए ३१:०१ हा निराळाच प्रकार महत्त्वाचा ठरतो. तेव्हा चाचणी झाली तरी औषध सुरू केल्यावर पहिले दोन-तीन महिने पुरळ, ताप, तोंडातील फोड यांवर लक्ष हवेच. तसे दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायला हवे.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. फळ्यावर दोन प्रश्न लिहा: ‘विकार झालेल्यांपैकी किती जणांत जनुक होते?’ आणि ‘जनुक असलेल्यांपैकी किती जणांना विकार झाला?’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे ज्या विद्यार्थ्याला उमगेल, तो उद्या कोणत्याही तपासणीचा अहवाल हाती आला तरी घाबरणार नाही आणि गाफीलही राहणार नाही.