खोली, सभासद आणि आपली समीक्षा

बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा १९६३ साली त्याच नावाच्या संग्रहातून आली. तिच्याविषयी जे लिहिले गेले त्यातले हाती लागले तेवढे मी वाचले आहे. आपले समीक्षक तीत अस्मितेचा प्रश्न पाहतात, मनूची व्यवस्था पाहतात, विद्रोह पाहतात. ते सारे तीत आहेच. पण एक साधी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ह्या कथेतला माणूस जात चोरतो तो खोलीसाठी. रेल्वेची नोकरी त्याला मिळालेली आहे. परमुलखात पाठ टेकायला जागा मात्र नाही. नोकरी सरकारने दिली, खोली समाजाच्या हातात राहिली, आणि ह्या दोहोंमधल्या फटीत ती कथा घडते.

बाबासाहेबांचा बडोद्याचा अनुभव ह्याच जातीचा होता. १९१७ साली परदेशी विद्यापीठाची विद्या घेऊन संस्थानच्या नोकरीवर गेलेला हा माणूस पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिला, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्याला बाहेर काढले.

हे मी पुस्तकी जिज्ञासेने लिहीत नाही. प्राध्यापकाची नेमणूक घेऊन मी एका जिल्ह्याच्या गावी गेलो तेव्हा एका सहकारी गृहनिर्माण संस्थेतल्या गाळ्याचे भाडे ठरले, आगाऊ रक्कमही ठरली. संस्थेच्या अध्यक्षांनी आडनाव विचारले, मूळ गाव विचारले, आणि दोन दिवसांनी कळले की कमिटीची ना हरकत मिळत नाही. कोणी मारले नाही, शिवी दिली नाही. चहासुद्धा दिला. त्या संध्याकाळी मला बागुलांची कथा प्रथमच नीट समजली असे म्हणायला हरकत नाही.

‘सहकार’ ह्या शब्दाविषयी आपल्याकडे एक भाबडा आदर आहे. घरांच्या बाबतीत त्याचा जन्म कसा झाला हे पाहावे. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. देशातल्या अगदी पहिल्या अशा संस्थांत तिची गणना होते. रावबहादूर तळमकींनी आपल्या ज्ञातीतल्या बेताच्या मिळकतीच्या नोकरदारांची भाड्याची अडचण ओळखली, आणि ती निष्ठेने सोडवली. त्यांच्या कर्तबगारीविषयी वाद नाही. पण सभासदत्वाची पहिली वही ज्ञातीच्या वहीवरूनच उतरली, ही गोष्ट आपल्या सहकाराच्या इतिहासात कौतुकाने सांगतात, चिकित्सेने नाही. पुढे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने कलम २३ मध्ये खुल्या सभासदत्वाचे तत्त्व मांडले. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येणार नाही, असे ते म्हणते. आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा पोटनियम ग्राह्य धरला. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य म्हणून! खटला गुजरातच्या कायद्याखालचा, एका लहान अल्पसंख्य समाजाचा. परंतु त्या तत्त्वाच्या आडोशाला कोण कोण उभे राहील ह्याचा हिशेब आपल्या साहित्यिकांनी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

गावदेवीत ज्ञातीची घरे उभी राहत होती त्या काळात बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होते. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी येथे बी.डी.डी.च्या २०७ चाळी बांधल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे प्रस्थापितांना सभासदत्व आणि कामगाराला भाडेचिठ्ठी. आपले साहित्य ह्या दुसऱ्या बाजूने उगवले. स्वतः बागूल माटुंगा लेबर कॅम्पमधले. दया पवारांच्या ‘बलुतं’मधला (१९७८) कावाखाना, ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२), अण्णाभाऊंचे चिरागनगर ह्यांनी मराठीला प्रथमच दाखवले की माणसे कुठे आणि कशी राहतात. पण झोपडीतून पक्क्या घरात जाताना मधे जे काही घडते, म्हणजे भागाची रक्कम, हप्त्याची पावती, रजिस्ट्रारच्या कचेरीतले हेलपाटे, सभा, सभेतली भांडणे, ते आपल्या साहित्यात जवळजवळ नाही. घर मिळाले की तो माणूस मध्यमवर्गीय झाला, आपला विषय संपला, असे आपण गृहीत धरले. माझ्या मते हे आपल्या वाङ्मयीन दृष्टीचे व्यंग आहे, आणि त्याची किंमत मी घरात मोजली आहे.

मी सोलापूरचा. आई विड्या वळायची. पाने-तंबाखू कारखान्यातून आणायची, घरी वळायची, नेऊन द्यायची, खराब म्हणून काढलेल्या विड्यांचे नुकसान सोसायचे. ह्या धंद्यात बाईचे घर हाच तिचा कारखाना असतो. दहा बाय दहाच्या खोलीत ओल्या फडक्यात पाने, सुपात तंबाखू, आणि त्याच तंबाखूच्या वासात आम्ही झोपायचो. नरसय्या आडम आणि त्यांच्या लाल बावटा संघटनेने विडी कामगार स्त्रियांची सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. तिला गोदावरी परुळेकरांचे नाव दिले. (‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि ‘जेव्हा मी जात चोरली होती’, दोन्ही ‘जेव्हा’ शेजारी ठेवून कोणी वाचले आहेत काय?) आईने नाव घातले होते. मी तेव्हा अकरावीत, नुकताच कविता वाचू लागलेला. तिला म्हणालो, हे पुढाऱ्यांचे खेळ, दहा हजार घरे कोणी बांधत नसते, पैसे अडकवू नकोस. शिकलेल्या मुलाचे तिने ऐकले. नाव काढून घेतले.

१ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांच्या हस्ते कुंभारीला ती १०,००० घरे कामगार स्त्रियांच्या ताब्यात दिली गेली. खर्चाचा एक वाटा केंद्राने दिला, एक राज्याने, एक त्या स्त्रियांनी. सभासद होण्याची पात्रता होती विडी वळण्याचे काम. आडनाव नव्हे. गावदेवीच्या नव्वद वर्षांनंतर मराठी मुलखात सहकाराने एवढ्या मोठ्या प्रमाणावर निराळी वही उघडली, ही मला फार मोठी वाङ्मयीन घटनाही वाटते. पुढे त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचे रे नगर आखले गेले. त्यातली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांच्या हस्ते दिली गेली. मधल्या काळात, १९७६ च्या कायद्याने विड्यांवर बसवलेला कल्याण उपकर २०१७ साली रद्द झाला. ज्या निधीतून विडी कामगारांच्या घरांना साहाय्य मिळे त्याचा झराच आटला, आणि त्यावर एक कथा सोडा, एक अग्रलेखही मला आठवत नाही.

कुंभारीविषयी डाव्यांनी जे लिहिले त्यावरही माझा आक्षेप आहे. ते ‘कामगार स्त्री’ म्हणतात आणि थांबतात. ह्या धंद्यात तेलुगू पद्मशाली स्त्रिया बहुसंख्य, पण आमच्या वस्तीतल्याही होत्या. त्या एका रांगेत उभ्या राहून घरवाली झाल्या तेव्हा नळावर, दारात, लग्नात काय बदलले, काय बदलले नाही? वर्गाची भाषा हा प्रश्न विचारत नाही. आणि ज्यांना तो विचारता आला असता त्या आपण तिकडे फिरकलो नाही.

आमच्या शेजारच्या मावशींनी हप्ते सोडले नव्हते. त्यांच्या घरी मी आईला घेऊन गेलो. आईने मला काही ऐकवले नाही. खोलीत फिरली, ओटा पाहिला, मग भिंतीला पाठ लावून, मांडीवर सूप असल्यासारखे हात धरून बसून पाहिले. ‘उजेड चांगला पडतो,’ एवढेच मावशींना म्हणाली.

त्या संस्थेच्या सुरुवातीच्या सभांना मावशी जात. कोण काय बोलले, कोण रडले, पैसे बुडणार म्हणून कोणी कोणाची गचांडी धरली, हे त्या तासन् तास सांगतात. मी आता ते उतरवून घेऊ लागलो आहे. अशा कामगार गृहनिर्माण संस्थांची जुनी इतिवृत्ते, पावतीपुस्तके, सभासदांच्या याद्या वाचकांपैकी कोणाच्या घरी पेटीत पडलेल्या असतील तर त्या रद्दीत घालण्यापूर्वी मला कळवावे.