विदूषकाचा शीण

नाटकातील विदूषकास एक सवलत असते आणि ती त्याच्या विनोदाइतकीच महत्त्वाची असते. त्यास प्रत्येक प्रवेशात यावे लागत नाही. संस्कृत नाटककारांनी हे मर्म नेमके ओळखले होते. 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकाच्या आरंभीच माढव्याची रवानगी हंसपदिकेकडे होते, आणि शकुंतलेच्या प्रत्याख्यानाचा दारुण प्रसंग त्याच्या थट्टेवाचून पार पडतो. सहाव्या अंकात तो परततो तेव्हा रसिकांस त्याची उणीव भासू लागलेली असते. अमेरिकेच्या दूरचित्रवाणीने मात्र असा एक विदूषक निर्माण केला की, ज्यास आठवड्यातील चार रात्री दरबारात हजेरी द्यावी लागली आणि प्रत्याख्यानाच्या प्रसंगीही रंगमंच सोडण्याची मुभा राहिली नाही. जॉन स्टुअर्ट हे त्याचे नाव. 'द डेली शो' या बातम्यांच्या उपहासाला वाहिलेल्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन त्यांनी ११ जानेवारी १९९९ रोजी हाती घेतले, ६ ऑगस्ट २०१५ रोजी सोडले, आणि १२ फेब्रुवारी २०२४ पासून केवळ सोमवारपुरते पुन्हा स्वीकारले. हा गृहस्थ आता थकला आहे काय, त्याच्यातील अग्नी विझून केवळ राख उरली आहे काय, असा प्रश्न त्यांचे चाहते व टीकाकार दोघेही वारंवार उपस्थित करतात. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा विचार कर्तव्य आहे.

आरोप सिद्ध करावयाचा तर आधी त्याची व्याख्या पक्की हवी. 'बर्नआउट' या शब्दास शास्त्रीय चर्चेत स्थान मिळाले ते १९७४ साली, हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांच्या निबंधामुळे. पुढे ख्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन लक्षणे सांगितली: शक्तीचा क्षय, आपल्या कामाविषयी व माणसांविषयी येणारा कोरडा तुच्छभाव, आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची नोंद रोग म्हणून न करता व्यवसायातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली. ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानात धरावी. दोष माणसाच्या प्रकृतीत शोधण्यापूर्वी त्याच्या व्यवसायाच्या घडणीत शोधावा, हे तिचे तात्पर्य होय.

पहिल्या लक्षणाविषयी फारसा वाद संभवत नाही. सकाळी वृत्तपत्रे व वृत्तवाहिन्या धुंडाळावयाच्या, दुपारपर्यंत संहिता सिद्ध करावयाची, तालमीत ती मोडून पुन्हा जोडावयाची, सायंकाळी प्रेक्षकांसमोर चित्रण करावयाचे आणि रात्री अकरा वाजता ते देशभर दिसावयाचे. हा क्रम साडेसोळा वर्षे चालला. कार्यक्रमाचे दोन हजारांहून अधिक भाग त्यांच्या हातून झाले. २०१३ च्या उन्हाळ्यात त्यांनी काही आठवड्यांची रजा घेऊन आसन जॉन ऑलिव्हर यांच्याकडे सोपविले व स्वतः 'रोझवॉटर' या चित्रपटाचे दिग्दर्शन केले. या चित्रपटाचा विषय योगायोगाने निवडलेला नव्हता. माझियार बहारी या पत्रकारास इराणमध्ये २००९ साली अटक झाली. अटकेपूर्वी 'द डेली शो'साठी त्यांनी दिलेल्या एका थट्टेच्या मुलाखतीत कार्यक्रमाचा नट गुप्तहेराच्या सोंगात होता. तीच मुलाखत तपास अधिकाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे केली. ११८ दिवस ते बंदिवासात होते. विनोद हा कोठेतरी, कोणाच्या तरी दप्तरात, पुरावा ठरू शकतो, याचे भान आलेल्या माणसाने रजा घेऊन तीच कथा सांगावी, यात शक्तिक्षयापेक्षा जबाबदारीची जाणीव अधिक दिसते. तरीही परत आल्यावर त्यांचे मन पूर्वीसारखे रमले नाही. निवृत्तीच्या सुमारास दिलेल्या मुलाखतीत त्यांनी कबूल केले की, कार्यक्रम बिघडला आहे असे नव्हे, पूर्वीचे समाधान त्यातून मिळेनासे झाले आहे. ही कबुली प्रांजळ होती व २०१५ चा निर्णय योग्य होता.

दुसरे लक्षण तुच्छभावाचे. येथे आरोप टिकत नाही. जून २०१५ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन गावी एका चर्चमध्ये वर्णद्वेषातून नऊ जणांची हत्या झाली. दुसऱ्या रात्री स्टुअर्ट आसनावर बसले आणि आपल्यापाशी आज विनोद नाही असे सांगून मोकळे झाले. थट्टा हाच ज्याचा उदरनिर्वाह, त्याने रित्या हातांनी ग्राहकापुढे उभे राहावे, हे उदासीन माणसाचे लक्षण नव्हे. ११ सप्टेंबर २००१ च्या आघातात मदतीस धावलेले अग्निशामक व पोलीस पुढे विषारी धुळीने आजारी पडले. त्यांच्यासाठी १६ डिसेंबर २०१० चा भाग त्यांनी खर्ची घातला. काही दिवसांतच अडलेले विधेयक अमेरिकन काँग्रेसने संमत केले. ११ जून २०१९ रोजी त्याच लोकांच्या वतीने प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीसमोर त्यांनी साक्ष दिली. समोरच्या रिकाम्या खुर्च्या पाहून त्यांचा कंठ दाटला व स्वर चढला. तेव्हा ते कोणत्याही कार्यक्रमाचे सूत्रधार नव्हते. त्या भाषणात कोटी नव्हती, अभिनय नव्हता. एका निष्णात वकिलाने अशिलाची बाजू मांडावी तसे ते भाषण होते, आणि जुलै संपण्यापूर्वी त्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

आता तिसरे लक्षण: निष्फळतेची भावना. या प्रकरणाचा खरा गाभा येथे आहे. स्टुअर्ट यांचे आवडते शस्त्र कोणते? एखाद्या पुढाऱ्याचे आजचे विधान दाखवावयाचे, लगेच त्याच पुढाऱ्याचे चार वर्षांपूर्वीचे नेमके उलट विधान दाखवावयाचे, आणि मग काही न बोलता कॅमेऱ्याकडे पाहावयाचे. आम्हा वकिलांस हे शस्त्र परिचित आहे. साक्षीदारास त्याच्याच पूर्वीच्या लेखी जबाबाने खोटे पाडण्याची सोय १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या १४५ व्या कलमात होती. २०२३ च्या नव्या अधिनियमानेही ती कायम ठेविली आहे. परंतु न्यायालयात या विसंगतीस धार येते ती उच्चासनावर न्यायाधीश बसलेला असतो म्हणून. विसंगती नोंदविली जाते, तोलली जाते, तिचा परिणाम निकालात उतरतो. दूरचित्रवाणीच्या दालनात न्यायाधीश नसतो. तेथे या शस्त्राची सारी भिस्त साक्षीदाराच्या लज्जेवर असते. ज्या दिवशी सार्वजनिक पुरुषास स्वतःच्या विसंगतीची लाज वाटेनाशी होते, त्या दिवशी उलटतपासणी कितीही कुशल असो, ती केवळ करमणूक होऊन बसते. अमेरिकेच्या राजकारणात तो दिवस कधीच येऊन गेला. धार बोथट झाली ती चालविणाऱ्याच्या मनगटामुळे नव्हे. जिच्यावर शस्त्राने घाव घालावयाचा ती मर्मजागाच नाहीशी झाली.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे १५ ऑक्टोबर २००४ चा प्रसंग. सीएनएनच्या 'क्रॉसफायर' या वादसभेत पाहुणे म्हणून गेलेल्या स्टुअर्ट यांनी यजमानांनाच फटकारले. वादाच्या नावाखाली तुम्ही केवळ तमाशा करीत आहात व देशाचे नुकसान करीत आहात, असा त्यांचा आशय होता. जानेवारी २००५ मध्ये वाहिनीने तो कार्यक्रम बंद करण्याचे ठरविले व तिच्या प्रमुखांनी स्टुअर्ट यांच्या टीकेशी आपली सहमती दर्शविली. विजय याहून स्पष्ट असू शकत नाही. पण त्या यजमानांपैकी टकर कार्लसन पुढे दुसऱ्या वाहिनीवर कितीतरी अधिक प्रभावी झाले, आणि एका कार्यक्रमातील आरडाओरडा बंद पडून सर्व कार्यक्रमांत पसरला. ३० ऑक्टोबर २०१० रोजी वॉशिंग्टनच्या विशाल मैदानात त्यांनी विवेकाच्या पुनःस्थापनेसाठी अर्धवट थट्टेने मेळावा भरविला. लोक प्रचंड संख्येने आले, हसले, घरी गेले. याउलट जेथे त्यांनी विनोदाची झूल उतरवून विशिष्ट माणसांची विशिष्ट मागणी मांडली, तेथे कायदे झाले. आपल्या कलेपेक्षा आपली साधी विनंती अधिक फळते, हे ज्या कलावंतास प्रत्यक्ष अनुभवाने कळले, त्याच्या कलेवरील श्रद्धेस तडा गेला तर नवल नाही.

मग ते परतले कशासाठी, आणि परतल्यावर कार्य कसे आहे? पहिल्याच रात्री त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्याबरोबर जो बायडन यांच्या वयाचाही प्रश्न छेडला. आपल्याच बाजूचा मानलेला माणूस असे कसे बोलतो म्हणून त्यांच्या चाहत्यांपैकी कित्येक रुष्ट झाले. २१ जुलै २०२४ रोजी बायडन यांनी निवडणुकीतून माघार घेतली. उपहासकाने स्वपक्षास अप्रिय असलेले सत्य पाच महिने आधी उच्चारले, हे त्याची दृष्टी शाबूत असल्याचे सबळ प्रमाण आहे. थकलेला माणूस सवयीच्या शत्रूवर सवयीचे बाण सोडतो. मित्राच्या उणिवेकडे पाहण्यास ताजेपणा लागतो.

दोष नाहीत असे मात्र नाही. आवाज एकाएकी चढविणे, कागद टेबलावर आपटणे, न्यूजर्सीच्या गल्लीतील हेल काढणे, या लकबी आता आधीच ओळखू येतात. ग्राम्य शब्दांचा वापर वाढला आहे. जुलै २०२५ मध्ये सीबीएस वाहिनीने स्टीव्हन कोल्बेअर यांचा 'द लेट शो' मे २०२६ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. कारण केवळ आर्थिक आहे असे मालकांचे म्हणणे होते. पण ट्रम्प यांच्याशी चाललेला दावा पॅरामाउंट या मालक कंपनीने नुकताच १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटविला होता, म्हणून शंका घेणाऱ्यांस जागा होती. स्टुअर्ट यांचे वेतन देणारी कंपनीही तीच. त्यांनी आपल्याच धन्यास भर कार्यक्रमात खडसाविले, हे धैर्य वंदनीय होय. परंतु त्याचा शेवट त्यांनी गायकवृंद उभा करून एका शिवीच्या पालुपदाने केला. शिवी ही उपहासाची बहीण नव्हे. उपहास श्रोत्याच्या बुद्धीस एक पायरी चढावयास लावतो. शिवी ती पायरी काढून टाकते.

याहून सूक्ष्म एक दोष प्रेक्षागृहात आहे. हसू व टाळी यांत भेद आहे. हसू अनावर असते, ते मत विचारून येत नाही. टाळी ही संमती असते. पूर्वी स्टुअर्ट यांच्या वाक्यावर हसू येई, आता पुष्कळदा टाळी येते. मान्य असलेली गोष्ट मान्य असलेल्या लोकांनी पुन्हा ऐकावी व समाधानाने घरी जावे, असे त्या टाळीचे स्वरूप आहे. आपल्याकडील कीर्तनाच्या श्रोत्यांस हा धोका सांगावयास नको. निरूपणास डोलणारी मान घरी गेल्यावर ताठच राहते, हे बुवांस ठाऊक असते, म्हणूनच ते पूर्वरंगात कान पिळल्यावाचून राहत नाहीत.

येथे आपल्या वाङ्मयाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ साली सुरू केलेले 'काळ' हे पत्र साप्ताहिक होते. त्यांची वक्रोक्ती आठवड्याने एकदा येई. मधल्या दिवसांत ती वाचकाच्या मनात मुरे. १९०८ साली राजद्रोहाबद्दल त्यांना शिक्षा झाली. सरकारला त्या उपरोधाची धार जाणवत होती, याचा याहून मोठा दाखला नको. स्टुअर्ट यांनी सोमवारचा एकच दिवस पत्करला, इतर रात्री सहकाऱ्यांकडे सोपविल्या, यात मला माघार दिसत नाही. एप्रिल २०१४ पासून ऑलिव्हर यांनीही आठवड्यातून एकदाच येण्याची व एका विषयास पुरेसा अवधी देण्याची रीत पाडली आहे. उपहास हे पक्वान्न आहे. रोजच्या ताटात ते वाढले तर खाणाऱ्याची जीभ मरते आणि रांधणाऱ्याचा हात.

तेव्हा निकाल असा की, तीन लक्षणांपैकी पहिले २०१५ पर्यंत खरे होते व विश्रांतीने आटोक्यात आले. दुसरे कधीच सिद्ध झाले नाही. तिसरे खरे आहे, पण त्याचे मूळ स्टुअर्ट यांच्यात नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांचा करार डिसेंबर २०२६ पर्यंत वाढविल्याचे जाहीर झाले. तो संपल्यावर ते राहोत वा जावोत, एक गोष्ट त्यांच्या हातची नाही. ज्या समाजाने आपली सदसद्विवेकबुद्धी एका विनोदी माणसाकडे गहाण ठेविली, त्याने तो माणूस दमला की नाही याची काळजी वाहावी, यात कृतज्ञता आहे तशी पळवाटही आहे. विदूषकाचे काम राजास सत्य ऐकविण्यापुरते असते. ऐकलेल्या सत्याचे पुढे काय करावयाचे हे प्रजेने ठरवावयाचे असते, आणि त्या कामास अमेरिकेतच काय, कोठेही बदली माणूस मिळत नाही.