भीती म्हणजे शिक्षण नव्हे

व्यसनांविरुद्ध शाळाशाळांतून निबंध, घोषवाक्ये, प्रतिज्ञा होत असतात. त्यांचा उपयोग होतो का, हे आपण सहसा तपासत नाही. अमेरिकेत ते तपासले गेले. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' हा कार्यक्रम सुरू झाला. पोलीस वर्गात येऊन मादक पदार्थांना 'नाही' म्हणायला शिकवत. कार्यक्रम देशभर पसरला. २००३ साली तेथील संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने सहा दीर्घकालीन अभ्यासांचा आढावा घेतला. कार्यक्रम लाभलेल्या आणि न लाभलेल्या मुलांच्या मादक पदार्थांच्या वापरात लक्षणीय फरक आढळला नाही!

म्हणून शिक्षणच निरुपयोगी ठरत नाही. उपदेशालाच आपण शिक्षण समजतो, ही खरी अडचण आहे.

परीक्षेच्या दिवसांत जागण्यासाठी मुले कॅफीनयुक्त पेये घेतात. 'ते विष आहे' असे सांगितले, तर पिऊनही काही न झालेला मुलगा आपल्या पुढच्या, खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवणार नाही. त्यापेक्षा कॅनवरचा मजकूर वर्गात वाचावा. एका कॅनमध्ये ७५ मिलिग्रॅम कॅफीन असेल आणि शरीरातले कॅफीन निम्मे व्हायला सुमारे पाच तास लागत असतील, तर रात्री नऊला घेतलेल्यापैकी दोन वाजता किती उरेल? झोपेची जाणीव करून देणाऱ्या अ‍ॅडिनोसिनची मेंदूतील जागा कॅफीन अडवते. थकवा जात नाही, तो कळेनासा होतो.

एवढ्याने हानी टळेलच असे नाही. म्हणूनच मुलांच्या सवयी बदलल्या का, हे वर्षाअखेरी पडताळावे. कार्यक्रम छान पार पडला, हा काही पुरावा नव्हे.