रोखायचे तर कारण सांगा

नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीला अटक झाली. त्या ‘लाइक’ केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीलाही. तो अन्याय निदान उघड होता. मजकूर कोणता, कलम कोणते, साऱ्यांना ठाऊक होते. म्हणूनच दाद मागता आली आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-अ रद्द केले.

त्या निकालाचे आपण स्वागत केले, पण तो शेवटपर्यंत वाचला नाही. सरकारला मजकूर रोखण्याचा अधिकार देणारे कलम 69-अ आणि त्याचे 2009 चे नियम त्याच निकालाने वैध ठरवले. कारणे लेखी नोंदवावी लागतात, त्यामुळे त्यांना आव्हान देता येते, असे न्यायालयाचे म्हणणे. पण नियम 16 या व्यवहाराला गोपनीय ठरवतो. आदेश कंपनीकडे जातो, लिहिणाऱ्याच्या हाती अनेकदा काहीच येत नाही. अटक नाही, खटला नाही. लेखन तेवढे दिसेनासे होते. न पाहिलेल्या कारणाला आव्हान द्यायचे तरी कसे?

आपल्या समाजाविरुद्ध विष ओकणारा मजकूर हटवा, ही मागणी आपणही करतो. ती रास्तच आहे. मात्र तो गुपचूप हटवला म्हणून आपण समाधान मानले, तर आपली कविता गुपचूप हटवली जाईल तेव्हा बोलायला तोंड उरणार नाही. मजकूर कोणाचाही असो, लिहिणाऱ्याला कारण कळलेच पाहिजे, हा आग्रह आपण दोन्ही वेळी धरला पाहिजे.